मौन हें असत्य आहे काय?

एखाद्या खेड्यांत खून झाला म्हणजे पहिल्या दोन दिवसांत जें दृश्य दिसतें तें बहुतेक ठिकाणीं सारखेंच असतें. पोलीसपाटील ठाण्यावर वर्दी देतात, फौजदार येतात, पंचांना बोलावून पंचनामा होतो, प्रेत तपासणीकरितां दवाखान्यांत जातें, आणि मग सारें गांव चावडीपुढें गोळा होऊन विचारूं लागतें, "कशानें मारलें? कोठें सांपडलें? अंगावर काय होतें?" फौजदार मात्र एवढेंच म्हणतात कीं, तपास चालू आहे. दोन दिवस लोक हें ऐकून घेतात. तिसऱ्या दिवशीं कोणी म्हणतो, यांस कांहींच ठाऊक नाहीं. चौथ्या दिवशीं दुसरा म्हणतो, ठाऊक सर्व आहे, पण कोणी तरी यांचे हात ओले केले आहेत. आणि ज्या घरांतून प्रेत निघालें त्या घराच्या ओटीवर बसलेली म्हातारी आई येईल त्याला विचारीत असते, "माझें लेकरूं कसें गेलें, हें मला तरी कां सांगत नाहींत?"

चावडीवरच्या लोकांच्या प्रश्नाला उत्तर देणें सोपें आहे; त्या आईच्या प्रश्नाला उत्तर देणें सोपें नाहीं. सत्य बोलावें असें आपण मुलांना शिकवितों. मग सत्य ठाऊक असून तें झांकून ठेवणें हें न्यायाच्या सेवकाला कसें शोभतें? झांकणें आणि खोटें बोलणें यांत कांहीं भेद आहे काय? वाचकहो, या प्रश्नाचा आज थोडा शांतपणें विचार करूं.

प्रथम एक जुनी गोष्ट घेऊं. ती आपणां सर्वांस ठाऊक आहे, पण या बाजूनें आपण ती क्वचितच पाहतों. शौल राजा गिलबोवा डोंगरावरील लढाईंत पडल्यावर तिसऱ्या दिवशीं एक अमालेकी तरुण सिकलागांत दावीदाकडे आला. त्याचीं वस्त्रें फाटलेलीं होतीं व डोक्यांत धूळ होती. राजाला आपणच शेवटचा घाव घातला, असें त्यानें सांगितलें, आणि पुराव्यादाखल राजाचा मुगुट व दंडांतील कडें पुढें ठेवलें. दावीदानें त्याच्याच तोंडच्या शब्दांवरून त्याला देहांत शासन दिलें. परंतु शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय ज्यानें वाचला आहे त्यास ठाऊक आहे कीं, शौल स्वतःच्याच तरवारीवर पडून मेला. मग त्या तरुणानें न केलेला वध आपल्या अंगावर कां घेतला? बक्षिसाच्या आशेनें; दावीदानें पुढें स्वतःच तसें म्हटल्याचें आपण वाचतों. आणि दावीदास तें खरें कां वाटलें? कारण मुगुट समोर होता. मुगुट हा त्या मनुष्याजवळ होता याचा पुरावा होय. त्यानें वध केला याचा तो पुरावा नव्हे. शौल कसा मेला हें त्या मनुष्याला विचारून पडताळून पाहण्यास दावीदाजवळ कांहीं साधन नव्हतें.

मनुष्य आपण न केलेला खून कबूल करील, हें पुष्कळांस खरें वाटत नाहीं. तरी असें घडत आलें आहे. कोणी नांव गाजावें म्हणून कबूल करतो. कोणाची बुद्धि दुबळी असते व दुसऱ्यानें चार वेळां सांगितलें कीं त्याला तें आपलेंच वाटूं लागतें. कोणी भावाला किंवा मुलाला वांचविण्यासाठीं दोष घेतो. आणि कोणी रात्रभर झोंप न मिळाल्यामुळें, भीतीमुळें, मारामुळें, 'एकदां हो म्हटलें म्हणजे सुटेन' या खोट्या आशेनें हो म्हणतो. अशा वेळीं खरा कबुलीजबाब कोणता व खोटा कोणता हें ओळखावें कसें? यासाठींच तपास करणारा शहाणा अधिकारी एक दोन बारीक गोष्टी आपल्या मनांत ठेवून देतो: दोरीची गांठ कशी होती, घाव कोणत्या बाजूचे होते, अंगावरून कोणती वस्तू नाहींशी झाली. या गोष्टी खून करणारास ठाऊक असणार, व तपास करणारास ठाऊक आहेत. मध्यें तिसऱ्या कोणास ठाऊक नाहींत. सोनार जसा कसोटीचा दगड जपून ठेवतो तसें हें आहे. तो दगड बाजारांत सर्वांच्या हातीं गेला व त्यावर जो तो रेघोट्या ओढूं लागला, तर पुढें सोनें कोणतें व पितळ कोणतें हें कोण सांगेल?

अमेरिकेंत घडलेलें एक उदाहरण पाहा. १९३२ च्या मार्च महिन्याच्या १ तारखेस रात्रीं न्यू जर्सी प्रांतांतील होपवेलजवळ प्रसिद्ध वैमानिक चार्लस लिंडबर्ग यांचें वीस महिन्यांचें मूल पाळण्याच्या खोलींतून कोणीं चोरून नेलें. खोलींत पन्नास हजार डॉलर मागणारें एक पत्र सांपडलें. त्या पत्राच्या शेवटीं सहीच्या ऐवजीं एक विचित्र खूण होती: एकमेकांत गुंतलेलीं दोन वर्तुळें, मध्यें एक तांबडा ठिपका, आणि कागदाला तीन छिद्रें. ही खूण वर्तमानपत्रांत येऊं न देण्याचा प्रयत्न झाला. सर्व देश हळहळत असल्यामुळें पुढें पत्रांचा पाऊस पडला. त्यांत सहानुभूतीचीं पत्रें होतीं, वेड्यांचीं होतीं आणि लबाडांचींही होतीं. त्या ढिगांतून त्याच हाताचीं पत्रें ओळखूं आलीं तीं त्या खुणेवरून. याच प्रकरणांत एका प्रतिष्ठित गृहस्थानें, आपणास मूल चोरणारांचा पत्ता लागला आहे, अशी कथा रचली व त्या दुःखी बापाला समुद्रावर शोध करीत फिरविलें. १२ मे रोजीं मुलाचें प्रेत घरापासून थोड्याच अंतरावर सांपडलें तेव्हां बाप अद्याप त्या खोट्या शोधांतच होता. दुःखी मनुष्याच्या दाराशीं कोणकोणत्या जातीचे लोक येतात, हें यावरून दिसतें. आणि जी गोष्ट झांकलेली असते ती पुष्कळदां त्याचेंच रक्षण करण्यासाठीं असते, हेंही दिसतें.

आतां याच्या उलट, झांकून ठेवावयाची गोष्ट उघडी केली म्हणजे काय होतें, तें पाहूं. १९४९ च्या नोव्हेंबर महिन्याच्या शेवटीं टिमथी इव्हान्स नांवाचा पंचवीस वर्षांचा एक मोटारगाडी हांकणारा वेल्समधील पोलीस ठाण्यावर गेला. त्याला लिहिणें-वाचणें जवळजवळ येत नव्हतें. आपली बायको मेली असून तिचें प्रेत आपण लंडनमधील घरासमोरच्या गटारांत टाकलें, असें त्यानें सांगितलें. लंडनच्या पोलिसांनीं गटाराचें जड झांकण तिघांनीं मिळून उचललें. आंत कांहीं नव्हतें. म्हणजे या मनुष्यास कोणीं कांहीं सांगितलेलें नव्हतें तेव्हां त्याचें बोलणें कसोटीस उतरलें नाहीं. पुढें २ डिसेंबरला रिलिंग्टन प्लेस या गल्लींतील १० नंबरच्या घरामागें धुणें धुण्याच्या खोलींत त्याच्या बायकोचें व एका वर्षाच्या मुलीचें प्रेत सांपडलें. इव्हान्सला लंडनला आणण्यांत आलें. तेथें वरिष्ठ अधिकाऱ्यानें त्याला प्रेतें कोठें सांपडलीं तें सांगितलें, दोघींना गळा आवळून मारलें आहे हेंही सांगितलें, आणि दोघींचे कपडे व मुलीच्या गळ्याभोंवतीं सांपडलेला गळपट्टा त्याच्यापुढें ठेवला. त्यानंतर इव्हान्सनें दोघींचा खून कबूल केला.

वाचकहो, येथें क्षणभर थांबून विचार करा. त्या कबुलींतील मुख्य गोष्टी त्याच्या तोंडून प्रथम निघाल्या कीं त्याच्या कानांत प्रथम पडल्या? एकदां सांगून झाल्यावर हें ओळखण्याचा मार्ग उरला नाहीं. पुढें त्यानें कबुली मागें घेतली, व हें काम खालच्या मजल्यावरील शेजारी जॉन क्रिस्टी याचें आहे, असें शेवटपर्यंत सांगितलें. परंतु क्रिस्टी हाच सरकारतर्फे मुख्य साक्षीदार होता. मुलीच्या खुनाबद्दल इव्हान्सला ९ मार्च १९५० रोजीं फांशीं देण्यांत आलें. तीन वर्षांनंतर, १९५३ च्या मार्चमध्यें, त्याच घरांत क्रिस्टीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीमागें तीन स्त्रियांचीं प्रेतें, जमिनीखालीं त्याच्या स्वतःच्या पत्नीचें प्रेत, आणि बागेंत आणखी दोघींचीं हाडें सांपडलीं. इव्हान्सच्या बायकोला आपणच मारलें, असें क्रिस्टीनें कबूल केलें. त्यालाही फांशीं झाली. इव्हान्सला १९६६ सालीं राजाज्ञेनें माफी मिळाली. पण ती थडग्यांतल्या मनुष्याला मिळाली. आणि ज्या चार स्त्रिया इव्हान्सच्या फांशीनंतर मारल्या गेल्या त्यांना ती माफी परत आणूं शकली नाहीं. जी गोष्ट त्या मनुष्यापासून झांकून ठेवावयास हवी होती ती त्याला अगोदर दाखविण्यांत आली. त्या एका उतावळेपणानें खऱ्या खुन्याकडे जाणारी वाट बंद करण्यास केवढा हातभार लावला!

हें एकाच देशांत किंवा एकाच काळांत घडलें असें नाहीं. ब्रँडन गॅरेट या अमेरिकन कायदेपंडितानें २०१० सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनीं गुन्हा कबूल केला होता, पण जे मागाहून रक्त-वीर्यादिकांच्या सूक्ष्म परीक्षेनें निर्दोष ठरले, अशा ४० जणांचे जबाब त्यानें तपासले. दोघांखेरीज बाकी सर्वांच्या जबाबांत गुन्ह्याचा बारीक तपशील होता. निर्दोष मनुष्याला हा तपशील कोठून कळला? वर्तमानपत्रांतून, शेजाऱ्यांकडून, अथवा, बहुधा नकळत, प्रश्न विचारणारांच्याच तोंडून.

तरी मौन हें सर्व रोगांवर औषध आहे असेंही कोणी समजूं नये. यॉर्कशायरमध्यें स्त्रियांचे खून होत असतां १९७८ व १९७९ सालीं पोलिसांकडे व एका वर्तमानपत्राकडे तीन पत्रें आलीं, आणि जून १९७९ मध्यें एक ध्वनिफीत आली. पत्रांतील एक दोन गोष्टी खुन्यावांचून कोणास ठाऊक असणें शक्य नाहीं, अशी तपास करणारांची समजूत झाली. वास्तविक त्या गोष्टी पूर्वींच वर्तमानपत्रांत छापून गेल्या होत्या! अधिकाऱ्यांनीं तो आवाज देशभर ऐकविला, व ज्याची बोली त्या आवाजासारखी नाहीं त्याच्यावरचा संशय कमी केला. खरा खुनी पीटर सटक्लिफ याची बोली निराळी होती. पोलिसांनीं त्याची अनेक वेळां विचारपूस केली होती, तरी तो सुटत राहिला, आणि ध्वनिफीत आल्यावर आणखी तीन स्त्रियांचा बळी गेला. तो सांपडला १९८१ च्या जानेवारींत. पत्रें पाठविणाऱ्या लबाडाला २००६ सालीं आठ वर्षांची शिक्षा झाली. यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. जें झांकलें आहे असें आपण मानतों तें खरोखर झांकलेलें आहे कीं नाहीं हें पुनःपुनः पाहिलें पाहिजे. आणि गुपित ज्याच्या हातीं आहे त्यानें नम्र असलें पाहिजे, कारण 'मला ठाऊक आहे, तुम्हांस नाहीं' हा अभिमान डोळ्यांवर पडदा ओढतो.

आतां मुख्य नैतिक प्रश्नाकडे वळूं. मौन म्हणजे असत्य नव्हे. असत्य ऐकणाराच्या मनांत खोटी समजूत उभी करतें. मौन त्याच्या मनांत कांहींच उभें करीत नाहीं, फक्त त्याला थांबावयास सांगतें. जो अधिकारी "हें मी आज सांगूं शकत नाहीं" असें म्हणतो तो खरें बोलतो. जो "कांहीं सांपडलें नाहीं" असें म्हणतो, आणि सांपडलेलें असतें, तो खोटें बोलतो. दोघांनींही झांकलें; पण एकानें दार लावलें व दुसऱ्यानें भिंतीवर दाराचें खोटें चित्र काढलें.

तथापि प्रत्येक मौन निर्दोष आहे असें मात्र नाहीं. कोठडींत मनुष्याला मारहाण झाली, पुरावा हरवला, श्रीमंताच्या मुलाचें नांव आलें, म्हणून जें मौन धरलें जातें, त्याचें नांवही 'तपास' असेंच सांगितलें जातें. मग खरें मौन ओळखावें कसें? मला तीन खुणा दिसतात. पहिली, तें सत्य सांपडावें म्हणून असतें, अधिकाऱ्याची अब्रू वांचावी म्हणून नसतें. दुसरी, त्याला मुदत असते. न्यायाधीशापुढें तें संपतें, व तेथें आरोपीपासून त्याच्याविरुद्धचा पुरावा लपवितां येत नाहीं. तिसरी, तें ज्याचा हक्क आहे त्याला अंधारांत ठेवीत नाहीं. आपल्या देशांतील कायदाही हीच रेषा काढतो. फिर्यादीला वर्दीची नक्कल विनामूल्य मिळते. अटक केलेल्या मनुष्याला अटकेचें कारण सांगावें लागतें व चोवीस तासांच्या आंत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायाधीशापुढें न्यावें लागतें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या फौजदारी कायद्याप्रमाणें तपास कोठवर आला हें फिर्यादीला अथवा पीडिताला नव्वद दिवसांच्या आंत कळविणें हें पोलिसांचें कर्तव्य आहे. म्हणजे गुपित ठेवण्याची मोकळीक आहे. दुर्लक्ष करण्याची नाहीं.

आपल्या कायद्याचा आणखी एक नियम येथें लक्षांत घेण्याजोगा आहे. १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालावयाची नाहीं. नव्या कायद्यांतही तो नियम राहिला आहे. अपवाद एवढाच कीं, कोठडींतील आरोपीनें सांगितल्यावरून एखादी वस्तू सांपडली, तर त्या शोधाशीं संबंध असलेलें तेवढेंच बोलणें न्यायालयांत चालतें. कुऱ्हाड कोणत्या विहिरींत आहे हें त्याच्यावांचून कोणास ठाऊक नव्हतें, आणि त्यानें सांगितल्यावर ती निघाली, तर त्या शोधाला वजन आहे. पण कुऱ्हाड त्या विहिरींत आहे ही बातमी आदल्या दिवशींच पाणवठ्यावर पोंचली असेल, तर त्या शोधाची किंमत काय राहिली?

येथें आपला, म्हणजे गांवकऱ्यांचा, संबंध येतो. पंच म्हणून गेलेला मनुष्य घरीं येऊन बायकोला सांगतो. ती विहिरीवर सांगते. संध्याकाळपर्यंत त्या गोष्टीला आणखी दोन पाय फुटतात. हल्लीं तर खिशांतल्या फोनवरून प्रेताचें चित्रसुद्धां घटकेंत दहा गांवीं जातें. मग ज्या बाईनें रात्रीं खरोखर एक मनुष्य कंदील घेऊन जातांना पाहिला, ती चार दिवस इतरांचें ऐकून म्हणूं लागते कीं, त्याच्या हातांत कुऱ्हाडही होती. ती खोटें बोलत नाहीं. तिच्या आठवणींत दुसऱ्यांचे शब्द मिसळले आहेत. न्यायालयांत वकील दोन प्रश्नांत हें उघडें करतो, आणि कंदिलाची खरी साक्षही कुऱ्हाडीबरोबर वाहून जाते. वर्तमानपत्रांचीही गोष्ट हीच. मुंबई उच्च न्यायालयानें जानेवारी २०२१ मध्यें, तपास चालू असतां वृत्तसंस्थांनीं स्वतःच खटला चालविणें हें न्यायाच्या कामांत अडथळा आणणारें आहे, असें सांगितलें. आणि सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२३ मध्यें, पोलिसांनीं वृत्तपत्रांस माहिती कशी द्यावी याचे नियम करण्यास केंद्र सरकारला आज्ञा केली. परंतु पाणवठ्याला नियम कोण करणार? तो ज्यानें त्यानें आपल्या जिभेला करावयाचा आहे.

तेव्हां असा प्रसंग आपल्या गांवावर आला तर काय करावें? जें स्वतः पाहिलें तें तपास करणाराला सांगावें, आणि जें ऐकलें तें 'ऐकलें' असेंच सांगावें. पंच झालों तर पंचनाम्यावर सही करण्यापूर्वीं तो वाचून घ्यावा, व मग न्यायालयांत विचारतील तोंपर्यंत त्याविषयीं तोंड मिटावें. संशयिताच्या घरावर दगड टाकूं नयेत. इव्हान्सचें स्मरण ठेवावें. आणि मौन फार लांबलें, मुदत उलटली, तर चावडीवर कुजबुज न करतां, चार शहाण्यांनीं मिळून वरिष्ठांकडे लेखी अर्ज करावा. कुजबुज भित्र्याचें शस्त्र आहे. अर्जावर नांव लिहावें लागतें.

शेवटीं त्या ओटीवरच्या म्हातारीकडे परत येऊं. तिचा हक्क गांवापेक्षां, वर्तमानपत्रांपेक्षां मोठा आहे. तिला "तपास चालू आहे" एवढें कोरडें उत्तर देऊन निघून जाणारा अधिकारी कायदा मोडीत नसेल, पण माणुसकीला चुकतो. त्यानें पायरीवर बसून तिला म्हणावें, "आई, मला एक गोष्ट ठाऊक आहे ती मी आज तुम्हांस सांगत नाहीं. ज्यानें हें केलें त्याला ओळखावयास माझ्याजवळ तेवढीच एक खूण आहे. ती बाहेर गेली तर कदाचित् दुसऱ्याच कोणा आईचा मुलगा फांशीं जाईल. वेळ येईल तेव्हां कचेरींत इतरांच्या तोंडून ऐकण्यापूर्वीं मी तुम्हांस स्वतः येऊन सांगेन." आणि मग त्यानें खरोखर यावें. एवढ्यानें तिचें दुःख जाणार नाहीं. पण आपल्यापासून कांहीं झांकलें आहे तें कां झांकलें हें तिला कळेल, आणि तिनें ठेवलेला विश्वास फुकट जाणार नाहीं. आपण शेजाऱ्यांनीं त्या दिवसापर्यंत तिच्याजवळ बसावें, तिची चूल विझूं देऊं नये, आणि तिच्या मुलाच्या मरणाची कथा आपल्या करमणुकीसाठीं कोणाला सांगूं नये.